गुडघ्याएवढी नदी

करंजवडीच्या केरबाला विचारा, पवनेला पाणी किती आहे? सरळ उत्तर मिळायचं नाही. आधी तो विचारणार, "कुटल्या जागी?" मग विचारणार, "कालचं का आजचं?" आणि एवढं झाल्यावर सांगणार ते परसात. परस म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या गड्याची उंची. विहीर खणणारे आणि होडीवाले खोली त्यातच मोजतात. "डोहात तीन परस, वडाखाली दीड. उतारावर काय न्हाई, बायामान्सं लुगडं न भिजवता जात्यात." माणूस असा काटेकोर. एक बोट इकडं नाही, एक बोट तिकडं नाही. आणि नेमक्या ह्याच माणसाच्या तोंडून तो शब्द जावा? नशिबाला दुसरं कुणी सापडलं नाही का?

केरबाचा बाप होडी चालवायचा, बापामागं केरबा. होडी पावसाळ्यापुरती. दिवाळीनंतर पाणी उतरलं की दोन्ही काठांची माणसं उतारावरून पायी जायची. उतार म्हणजे नदीतली गोट्यांची उथळ वाट. वर डोह, खाली डोह, मधे ही वाट. पलीकडच्या शेलारदऱ्याहून यायचं तर करंजवडीच्या काठावरच्या चिंचेच्या शेंड्यावर तिकोना किल्ल्याचं टोक धरायचं आणि नाकासमोर चालायचं, पंधरा मिनिटांत करंजवडी. जीपनं यायचं म्हटलं तर जुन्या पुलावरून चौदा किलोमीटरचा वळसा. म्हणून तीस वर्षं लोक पूल मागत होते, आणि तीस वर्षं दर निवडणुकीला तिथं नारळ फुटत होता. नारळाच्या करवंट्यांचा पूल झाला असता एव्हाना! पण दोन वर्षांपूर्वी खरंच यंत्रं आली, खरंच खांबांची आखणी झाली.

"काय केरबा, आता होडीत कोंबड्या पाळणार का?" गावातले टगे चिडवायचे.

"पाळीन की. अंडी तुलाच इकीन," केरबा म्हणायचा.

पण खरं सांगायचं तर सगळ्या गावात पूल सगळ्यांत जास्त हवा होता तो ह्या होडीवाल्यालाच. कारण पलीकडच्या काठाला त्याची अक्का होती.

हिराअक्का त्याच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा केरबा तीन वर्षांचा. बाप दिवसभर होडीवर, तेव्हा ह्याला न्हाऊमाखू घालणारी, भरवणारी, मारणारी आणि मारून झाल्यावर जवळ घेणारी अक्काच. दुसऱ्यांच्या शेतावर कामाला जायची ती ह्याला खांद्यावर बसवून, उतारावरून. मधे पाण्याचा आवाज वाढला की हे पोर तिचे केस घट्ट धरायचं. "अक्का, पानी किती हाय गं?" "माज्या गुडघ्याएवढं. गप बस." कधी पाणी छातीला लागलेलं असायचं, पाय गोट्यावरून सरकत असायचे, तरी अक्काचं उत्तर तेच. मोठा झाल्यावर केरबाला हे कळलं, आणि तेव्हापासून त्या उत्तराची दोघांत गंमत होऊन बसली. अक्का लग्न होऊन शेलारदऱ्यात गेली, विधवा झाली, म्हातारी झाली. घरात मोबाईल आले. अक्काला कमी ऐकू यायचं, ती फोन स्पीकरवर टाकून लांब धरायची आणि नदीपलीकडं थेट हाक मारल्यासारखी ओरडायची, "केरबाऽ, नदी कशी हाय रं?" हा म्हणायचा, "तुज्या गुडघ्याएवढी." श्रावणात नदीतून झाडं वाहत चाललेली असोत, उत्तर तेच. अक्का खळखळून हसायची आणि म्हणायची, "येते मंग." येणार नसली तरी म्हणायची.

तिचा मुलगा राजेंद्र. पहिली ते चौथी तो केरबाच्याच घरी होता, शाळा ह्या काठाला म्हणून. केरबाला एक मुलगी, ती लोणावळ्याला नांदते. त्यामुळे मुलगा म्हणा, भाचा म्हणा, राजेंद्रच. आता तो उर्स्याच्या टोलनाक्याजवळच्या एका कंपनीत कामाला आहे. मामाच्या पायात चप्पल कुठल्या मापाची बसते हे पोराला पाठ. आणखी काय सांगायचं!

तर पुलाचं काम. ठेकेदारानं करंजवडीच्या अंगानं नदीत मुरमाचा भराव टाकला. खांब उभे करायला कोरडी जागा लागते, त्याला इलाज नाही. पण नदीची वाट अडवली की ती उरलेल्या वाटेनं जोरात जाणार आणि जाता जाता तळ खरवडणार. केरबाला हे पहिल्या दिवशीच दिसलं. साहेबलोकांनाही माहीत होतंच, म्हणून तर दर पंधरा दिवसांनी तळ मोजायची अट कामात होती. त्या मोजणीला तळेगावहून माधवी म्याडम यायची. पंचवीस-सव्वीसची पोरगी, डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात वही. तिच्याकडं आवाजानं खोली मोजणारं यंत्र होतं, पण उथळ पाण्यात आणि जलपर्णीत ते वेड्यासारखे आकडे दाखवायचं. मग मीटरच्या खुणा रंगवलेल्या लांब गजानं मोजायचं ठरलं, आणि होडी आणि गज म्हटल्यावर केरबाशिवाय कोण?

नदीवर आडव्या आठ दोऱ्या ठरलेल्या. दोरी ताणायची, दोरीला दर दोन मीटरला लाल चिंधी, चिंधीखाली होडी थांबवायची, केरबानं गज सरळ तळाला टेकवायचा आणि आकडा ओरडायचा. म्याडम लिहून घेणार. केरबा नुसता आकडा नाही सांगायचा, तळ कशाचा आहे तेही सांगायचा. गज टणकन लागला तर कातळ, खरखरला तर वाळू, हळूच आत गेला तर गाळ. "तुम्हाला दिसतं का काका खालचं?" म्याडमनं एकदा विचारलं. केरबा म्हणाला, "हाताला दिसतंय." म्याडमनं वहीत एक जास्तीचा रकाना पाडला आणि त्यात केरबाचे शब्द लिहायला लागली. केरबा घरी येऊन यशोधराला, म्हणजे बायकोला, सांगायचा, "माजं बोलणं सरकारी वहीत जातंय." यशोधरा म्हणायची, "घरात तर कुणी ऐकत न्हाई, तितं तरी जाऊ द्या."

सहावी दोरी उतारावर होती. जानेवारीत तिथं साठ सेंटीमीटर पाणी. एप्रिलात मधल्या चिंधीशी एक मीटर. भरावाच्या टोकाला वळसा घालून पाणी थेट तिथंच आदळत होतं. मे महिन्यात, बुद्ध पौर्णिमेच्या आधीच्या मंगळवारी, सव्विसाव्या मीटरला केरबानं गज सोडला आणि गज गेला. जातच राहिला. मूठ पाण्याला लागायच्या बेताला तो खाली टेकला.

"तीन मीटर सत्तर," केरबा म्हणाला. मग गज वर घेत म्हणाला, "पावणेदोन परस, म्याडम. उतार गेला."

वरून काही दिसत नव्हतं. दोन्ही बाजूला गोटे उघडे आणि मधे हिरवं, शांत पाणी. केरबानं म्याडमला तिथंच सांगितलं, "हितं आजच्या आज पाटी लावा. मान्सं जात्यात." म्याडमनं त्याच संध्याकाळी लेखी कळवलं. बुधवारी ठेकेदाराचा मुकादम विक्की एक पाटी घेऊन आला. धोका, पाणी खोल आहे, नदीत उतरू नये. खड्डा खणायला विक्कीची माणसं कंटाळा करत होती, तर केरबानं स्वतः पहार घेतली, दोन हात खोल खड्डा खणला, पाटी उभी केली, दगड ठेचून घट्ट केली. घरी येऊन हातपाय धुतले आणि म्हणाला, "सुटलो."

पाटी करंजवडीच्या काठाला लागली. पलीकडच्या काठाला काहीच नव्हतं. सगळी हयात दोन्ही काठांना होडी लावण्यात गेली, आणि त्या दिवशी ह्या माणसाला एकच काठ आठवला. शेलारदऱ्याची तरुण पोरं आता मोटरसायकलीवरून वळसा घालूनच फिरतात. उतारावरून चालत येणारी उरली होती ती चारदोन म्हातारी माणसं. त्यांना कोण सांगणार होतं?

अक्का दर पौर्णिमेला नाही आली तरी वैशाखी पौर्णिमेला भावाकडं यायचीच. विहारात वंदना, मग केरबाकडं खीर. खिरीचे तांदूळ ती घेऊन यायची, घरचे. त्या वर्षी राजेंद्रनं रविवारीच सांगून ठेवलं होतं, "मामा, आईला मी गाडीवर घेऊन येतो. सुट्टी टाकलीय." केरबाच्या डोक्यात ते पक्कं बसलेलं. अक्का गाडीवरून येणार, जुन्या पुलावरून येणार.

गुरुवारी दिवेलागणीला फोन वाजला.

"केरबाऽ, नदी कशी हाय रं?"

केरबा तेव्हा शेळीला पाला टाकत होता. फोन खांद्यानं कानाला दाबून धरलेला. "तुज्या गुडघ्याएवढी," तो म्हणाला.

अक्का हसली. "येते मंग."

"ये ये. दूध सांगून ठेवलंय."

एवढंच. मंगळवारी पावणेदोन परस मोजून आलेला माणूस, बुधवारी पाटी रोवून आलेला माणूस. पण अक्काला नदी सांगायची, असं त्याच्या मनातच आलं नाही. जिनं त्याला नदी शिकवली तिला तो काय सांगणार! तोंडाला पन्नास वर्षांची सवय, तोंड बोलून मोकळं झालं.

शुक्रवारी, पौर्णिमेच्या सकाळी यशोधरानं चुलीवर दूध ठेवलं आणि केरबा मोटरसायकलच्या आवाजाकडं कान लावून बसला. आठ झाले, नऊ झाले. अक्काचा फोन लागेना. राजेंद्रचाही लागेना. नवाच्या पुढं भरावावरून एक कामगार पळत आला. जलपर्णीत एक चप्पल आणि एक कापडी पिशवी अडकली होती. पिशवीवर राजेंद्रच्या कंपनीचं नाव होतं. आत तांदूळ होते.

केरबा तसाच उठला. होडी सोडली, गज घेतला. सहावी दोरी, सव्वीस मीटर. दोरी ताणलेली नव्हती, आणि त्याला तिची गरजही नव्हती. त्यानं गज सोडला. गज टणकन लागला नाही. खरखरला नाही, गाळात गेला नाही. केरबानं गज हातातून सोडून दिला आणि होडीत खाली बसला. मग काठावरच्या पोरांनी उड्या मारल्या.

निम्मी नदी खरोखर गुडघ्याएवढी होती. अक्का चपला हातात घेऊन, चिंचेच्या शेंड्यावर तिकोन्याचं टोक धरून, निम्म्यापर्यंत बिनघोर आली होती. भावानं सांगितलं होतं तसंच सगळं होतं, सव्विसाव्या मीटरपर्यंत.

राजेंद्र दुपारी आला, कंपनीच्या कपड्यांतच. सकाळच्या शिफ्टला जादा माणूस हवा म्हणून त्याला आदल्या रात्री बोलावणं आलं होतं आणि तो पहाटेच निघून गेला होता. आईच्या पायाशी बसून तो एकच वाक्य म्हणत राहिला, "मी आनायला पायजे होतं." अक्काच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला माणसं तिच्या आठवणीत दोन शब्द बोलली, शेवटी त्याला उभं केलं, तर तिथंही तेच, "मी आनायला पायजे होतं." आणि खाली बसला. केरबा त्याच्या शेजारी बसलेला होता. त्याला उठून सांगता आलं असतं. तो उठला नाही.

माधवी म्याडम भेटायला आली, ती दारातच रडायला लागली. "काका, मी मंगळवारीच कळवलं होतं हो." केरबानं तिलाच पाणी दिलं. "तुमचं बरुबर हाय म्याडम. आकडा बरुबर हाय," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या काठालाही पाटी लागली. बैल गेला आणि झोपा केला!

आता तुम्ही म्हणाल, केरबानं भाच्याला सांगून टाकायचं. सोपं आहे का ते? बहीण गेली, राहिलेलं एवढं एकच माणूस, आणि त्याला सांगायचं की बाबा, तुझ्या आईला मी पाण्यात घातली. सांगितलं तर भाचा जाणार. नाही सांगितलं तर भाचा स्वतःला खात राहणार. राजेंद्र वाळत चालला होता, दाढी वाढलेली, बोलणं तुटक. तरी दर रविवारी मामाकडं यायचा, औषधं आणायचा, नदीकडं पाठ करून बसायचा. तो गेला की केरबा जेवायचा नाही. एकदा यशोधरा ताट उचलता उचलता म्हणाली, "किती दिस त्या पोराच्या डोक्यावर तुमचं वझं ठिवणार? जावा आन सांगा. न्हाई आला परत तर न्हाई आला."

नोव्हेंबरात पुलाचे गर्डर बसले, वर फळ्या टाकल्या गेल्या. एका रविवारी राजेंद्र यायच्या आधीच केरबा कामगारांना सांगून त्या फळ्यांवरून पलीकडं गेला. खाली बघितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो पाय न भिजवता अक्काच्या घरी पोचला. राजेंद्र ओट्यावर बसून गाडीची साखळी पुसत होता.

"मामा? मी येतच होतो की."

"बस खाली. येक सांगायचंय. मदी बोलू नगंस." केरबा उभाच राहिला. "आदल्या दिवशी सांजच्याला अक्काचा फोन आलता. तिनं इचारलं नदी कशी हाय. मी म्हनलो गुडघ्याएवढी. पावणेदोन परस हाय ह्ये माज्या हातानं मोजलेलं, तरी म्हनलो. तू सोताला दोष लावू नगंस, राजा. ते माजं हाय."

राजेंद्र फडक्याला हात पुसत राहिला.

"म्हाईत हाय मला," तो म्हणाला.

"काय म्हाईत हाय?"

"आई फोन स्पीकरवर ठेवायची, मामा. मी हितं शेजारीच जेवत होतो." त्यानं फडकं खाली ठेवलं. "मग कंपनीतनं फोन आला. मी न्हाई म्हननार होतो. पन तुमी म्हनलावता गुडघ्याएवढी. मला वाटलं, मामा नदी मोजायच्या कामावर हाय. त्यानं सांगितलं म्हंजी मोजूनच सांगितलं असंल. ती म्हनत होती, थांबते, तू दुपारी आल्यावर जाऊ. मीच म्हनलं, कशाला थांबतीस, जा चालत, पंधरा मिंटाचं काम."

केरबानं ओट्याची कड धरली. "येवढे म्हैने बोलला का न्हाईस?"

"काय बोलायचं? तुमी त्या दिवशी होडीत कसं बसलावता ते बघितलं होतं लोकांनी. मला सांगितलं. मला वाटलं, तुमच्या शब्दावर मी तिला धाडलं हे तुमाला कळलं तर तुमी जित्ते ऱ्हाणार न्हाई. म्हनून मी म्हनत होतो माजं चुकलं, माजं चुकलं. तुमीबी गप बसायचं होतं, मामा." आता त्याचा आवाज फुटला. "दोघं गप बसलो असतो तर येत तरी राहिलो असतो येकमेकाकडं. आता कुटल्या तोंडानं येऊ? जावा तुमी. जावा."

केरबा आला तसा फळ्यांवरून परत गेला. त्यानंतर रविवार येत राहिले, राजेंद्र आला नाही. औषधं कुणाच्या तरी हाती पाठवायचा. गुढीपाडव्याला पूल सुरू झाला, फीत कापली, गाड्या पळायला लागल्या, शेलारदरा तीन मिनिटांवर आला. केरबा त्या दिवशी घरात भिंतीकडं तोंड करून पडून होता. भराव कधीच काढला होता. पूर येऊन गेले होते. शेवटच्या मोजणीला माधवी म्याडम आली तेव्हा केरबा गेला, कारण तिनं त्याच्यासाठी दोन वेळा मोजणी पुढं ढकलली होती. सहाव्या दोरीवर सव्विसाव्या मीटरला त्यानं गज सोडला, तर गज खरखरला. नदीनं खड्डा वाळूनं भरून टाकला होता. साठ सेंटीमीटर. म्याडमनं आकडा लिहिला आणि वही मिटली. केरबा म्हणाला, "म्याडम, ह्यो गज माज्याकडं ठिवू का?" ती म्हणाली, "ठेवा काका."

चार दिवसांनी वैशाखी पौर्णिमा. यशोधरानं खीर केली नाही. केरबा विहारातून येऊन ओट्यावर बसला होता. फोन वाजला, आणि पडद्यावर अक्काचं नाव. अक्काचा फोन राजेंद्रनं चालू ठेवला असेल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

त्यानं उचलला. मग राजेंद्रचा आवाज आला, "मामा, नदी कशी हाय?"

केरबा ओट्यावरून उठला.

"थांब," तो म्हणाला. "मोजून सांगतो. फोन ठिवू नगंस."

कोपऱ्यातला गज त्यानं उचलला. पासष्टीचा माणूस, ऊन मी म्हणत होतं, पायात चप्पल नाही. तसाच उतारावर गेला. फोन एका हातात, गज दुसऱ्या. पाण्यात शिरला. नव्या पुलाखालून चालत तो सव्विसाव्या मीटरला पोचला, गज टेकवला, वाकून बघितलं. पुन्हा उचलला, पुन्हा टेकवला. पाणी त्याच्या गुडघ्याला लागत होतं, पण तो शब्द काही त्याच्या तोंडातून निघेना.

"साठ सेंटीमीटर," केरबा फोनमध्ये म्हणाला. "दोनदा मोजलं, राजा. दोनदा."

मग राजेंद्र म्हणाला, "येतो मंग."